पंपाला किती?
तणनाशकाचं विचारलं की दुकानात एकच उत्तर: "पंपाला 100 मिली टाका." म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाच्या एका भरलेल्या टाकीला. अहो, पण माझं 5 गुंठे सोयाबीन एका पंपात होतं की तीन, हे विचाराल की नाही? लेबलवर पेंडीमिथॅलिन 30 टक्के, हेक्टरी 3.3 लिटर. हेक्टर म्हणजे जवळपास 100 गुंठे. गुंठ्याला 33 मिली, माझ्या तुकड्याला 165. सावकाश चालणाऱ्याने तीन पंप मारले तर 300 मिली जमिनीत! उगवण मार खाते आणि शिव्या बियाण्याला. एकात उरकलं तर तण तसंच. आधी एका गुंठ्यावर साधं पाणी मारून मोजा ना, किती लागतं ते! आणि बाटलीच्या टोपणाने औषध मोजणं बंद करा, कळकळून सांगतो.