कारण कडकपणाच कशावरून? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी कॉलेजला जायच्या आधी पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मूलपेशी (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणारी पेशी) मऊ पृष्ठभागावर वाढवली तर चेतापेशी होते आणि कडक पृष्ठभागावर हाडाची पेशी. सरांचं म्हणणं, हे भडक विधान आहे, पेशीचं काय व्हायचं ते रसायनं ठरवतात. शिवाय ज्या जेलवर पेशी वाढवतात ते मऊ केलं की त्याची छिद्रं मोठी होतात आणि कोलॅजेन, म्हणजे पेशींना चिकटायला वर लावलेलं प्रथिन, धरून ठेवणाऱ्या जागाही बदलतात, मग फरक कडकपणामुळेच पडला कशावरून? शेवटी एक प्रश्न: प्लास्टिकच्या डिशमध्ये इतकी वर्षं काम झालंच ना?

भडकपणाचं मान्य, ते वाक्य बदलते आहे. २००६ साली एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी पॉलिॲक्रिलामाइड या पॉलिमरच्या जेलवर वाढवल्या. कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितकं जेल कडक. ०.१ ते १ किलोपास्कलच्या, म्हणजे मेंदूइतक्या मऊ जेलवर पेशींना फांद्या फुटल्या आणि चेतापेशींची काही प्रथिनं दिसली. ८ ते १७ वर स्नायूची लक्षणं, २५ ते ४० वर हाडाची. पण चेतापेशीसारखी दिसणं म्हणजे चेतापेशी होणं नव्हे, आणि तो फरक मी गाळला. रसायनांबद्दल मात्र तुमचं अर्धंच पटतं. त्याच प्रयोगात पहिल्या आठवड्यात रसायनं घालून पेशींची दिशा बदलता आली. काही आठवडे उलटल्यावर मात्र पेशी पृष्ठभागानं दिलेल्या वाटेवरच राहिल्या.

छिद्रांचा आक्षेप मला फार आवडला, कारण तो अगदी वर्मावर आहे. माझ्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. काहिलीतला पाक उतरवायचा की नाही हे गुळव्या नुसतं बघून सांगायचा नाही. थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत धरून गोळी वळायचा, दाबायचा. पेशीचंही तसंच आहे. ती पृष्ठभागाला चिकटते, आतल्या मायोसिन या ओढ देणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर त्याला खेचते, आणि तो किती ताणला जातो यावरून तिला कडकपणा कळतो. ब्लेबिस्टॅटिन हे रसायन घालून मायोसिन बंद केलं की पृष्ठभाग तोच असूनही पेशी त्याच्याप्रमाणे वळत नाहीत. खेचल्याशिवाय कळत नाही, एवढं यातून ठरतं. छिद्रांचा प्रश्न तरीही उरतोच.

तोच प्रश्न २०१२ साली ट्रॅपमन आणि सहकाऱ्यांनी मांडला. सिलिकॉनचा कडकपणा हजारो पटींनी बदलूनही त्यांना मूलपेशींच्या वागण्यात फरक दिसला नाही. कोलॅजेन किती घट्ट बांधलंय त्यावर सगळं अवलंबून, असा त्यांचा निष्कर्ष. मग २०१४ मध्ये एंगलर यांच्याच गटानं जेलमधलं ॲक्रिलामाइड आणि त्याचे धागे एकमेकांना जोडणारं बिस यांचं प्रमाण असं जुळवलं की कडकपणा तोच, छिद्रं मात्र वेगवेगळी. कोलॅजेन बांधून ठेवणारे दुवेही कमीजास्त करून पाहिले. पेशी चरबीची होणार की हाडाची, हे तरीही कडकपणावरच ठरलं. हे जुळवणं किती जिकिरीचं असतं ते मी जाणते. बिस थोडं जास्त पडलं तरी जेल ठरल्यापेक्षा कडक होतं, आणि कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेच्या तुकड्यावर, नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मला हा पुरावा वजनदार वाटतो. पॉलिॲक्रिलामाइडपुरतं तरी कारण कडकपणाच आहे, असं मी आजही म्हणेन. सिलिकॉनवरचा निकाल मागच्या लेखात यायलाच हवा होता.

आता प्लास्टिक. पॉलिस्टायरीनची डिश साधारण ३ गिगापास्कलची, म्हणजे १२ किलोपास्कलच्या स्नायूच्या अडीच लाख पट कडक. काम झालं, खरंय, पण त्याची किंमतही मोजली गेली. उंदराच्या स्नायूतल्या मूलपेशी प्लास्टिकवर आपली पुनर्निर्मितीची ताकद झपाट्यानं गमावतात. २०१० साली हेलन ब्लाऊ यांच्या गटानं त्या १२ किलोपास्कलच्या जेलवर वाढवल्या, तेव्हा ती टिकली आणि उंदरात परत सोडल्यावर त्यांनी स्नायू भरून काढला. २०१४ मध्ये क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली: ठरावीक काळापेक्षा जास्त दिवस कडक पृष्ठभागावर काढलेल्या पेशी मऊ जेलवर आणल्या तरी त्यांच्यातलं याप हे प्रथिन, जे कडक पृष्ठभागावर केंद्रकात जातं, ते तिथंच बसून राहतं. पेशींना जुना कडकपणा आठवतो. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना वहीत पॅसेजच्या, म्हणजे पेशी किती वेळा नव्या डिशमध्ये हलवल्या त्याच्या, आकड्याशेजारी पेशी प्लास्टिकवर किती दिवस होत्या तेही लिहायला लावते.