"रेफ्रीला रंग दिसत नाही" म्हणे! त्या फॉरवर्डला मुद्द्यांनुसार उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, न्यू जर्सीच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला तसा पुण्याच्या शाळेच्या ग्रुपवर पण आला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत आता हायस्कूलच्या मॅचला रेफ्री सुद्धा कातडीचा रंग बघून लावा म्हणतायत, वेड लागलंय लोकांना. रेफ्रीला बॉल दिसतो, रंग दिसत नाही. नेमणुका मेरिटवर होतात, हल्ली तर कॉम्प्युटरच करतो. ब्लॅक लोक रेफ्री व्हायला पुढेच येत नाहीत. नियम तो नियम. आणि वंश मोजणं हाच खरा वंशवाद, म्हणजे तिकडेही शेवटी आपल्यासारखं आरक्षण आलंच. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

एकेक मुद्दा घेऊया. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण एक-दोन मुद्द्यांत खरंच दम आहे आणि बाकी नुसती वाफ आहे.

"रेफ्रीला रंग दिसत नाही"

यावर अंदाजपंचे बोलायची गरजच नाही, हे मोजून झालंय. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी एनबीएचे (अमेरिकेतली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग) १९९१ पासून २००४ पर्यंतचे तेरा सीझन घेतले. एनबीए का, तर तिथे प्रत्येक मॅचला तीन रेफ्री असतात, कुठल्या मॅचला कोण जाणार हे ठरवताना खेळाडूंचा वंश बघितला जात नाही, आणि प्रत्येक फाऊलची नोंद असते. म्हणजे तोच खेळाडू कधी तीन गोऱ्या रेफ्रींसमोर खेळतो, कधी मिश्र तिघांसमोर, मग तुलना करता येते. निघालं असं की रेफ्री दुसऱ्या वंशाचे असले की खेळाडूवर फाऊल जास्त पडतात, फरक जास्तीत जास्त ४ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अटीतटीच्या मॅचमधे एखादा जास्तीचा फाऊल म्हणजे काय हे ज्याने बास्केटबॉल बघितलाय त्याला सांगायला नको. आणि हे दोन्ही बाजूंनी आहे बरं का, मुद्दा "गोरे रेफ्री दुष्ट" असा नाहीचे, माणूस सेकंदाच्या आत निर्णय घेतो तेव्हा डोक्यात काय काय चालतं असा आहे.

२००७ मधे ही बातमी न्यूयॉर्क टाइम्समधे आली, एनबीएने साफ नाकारलं, आमचा स्वतःचा अभ्यास वेगळं सांगतो म्हणाले. गंमत पुढे आहे. त्याच दोघांनी डेव्हिन पोप यांना घेऊन नंतरच्या वर्षांचे, २००७ ते २०१० चे आकडे तपासले, तर तो फरक गायब! एनबीएने त्यासाठी काही खास पाऊल उचललं नव्हतं, कोटा तर नव्हताच. फक्त आपल्याकडे कोणीतरी बघतंय, मोजतंय हे कळलं होतं.

बेसबॉलचं पण तसंच. २००४ ते २००८ मधले ३५ लाखांच्या वर पिचेस, म्हणजे टाकलेले बॉल, तपासलेला अभ्यास आहे. अंपायर आणि पिचर (बॉल टाकणारा) एका वंशाचे असले तर स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा निर्णय, मिळायची शक्यता थोडी वाढते, पण ज्या मैदानात अंपायरवर नजर ठेवणारे कॅमेरे होते, जिथे प्रेक्षक भरपूर होते, किंवा जो बॉल निर्णायक होता, तिथे हा परिणाम दिसत नव्हता.

आता हायस्कूलची मॅच डोळ्यासमोर आणा. जिममधे दोन किंवा तीन रेफ्री, कॅमेरा म्हणजे कुणाच्यातरी बाबांचा फोन, रिव्ह्यू बहुतेक ठिकाणी नाहीच, आणि कुठल्या रेफ्रीने वर्षभरात कोणावर किती फाऊल दिले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. वरचे आकडे प्रोफेशनल लीगचे आहेत, ते मी शाळेच्या मॅचला जसेच्या तसे चिकटवणार नाही, ते अप्रामाणिक होईल. पण जिथे नजर सगळ्यात कमी तिथेच रेफ्री सगळ्यात निर्मळ, हे जर कोणाला म्हणायचं असेल तर पुरावा त्याने आणावा.

"नेमणूक मेरिटवर होते, आणि आता तर कॉम्प्युटर करतो"

हा खरा मुद्दा, आणि मेसेज लिहिणाऱ्याला असाइनर ही काय चीज असते ते माहीतच नसावं.

राज्याची असोसिएशन रेफ्रींची नोंदणी करते, नियमांची परीक्षा घेते, ठीक. पण मंगळवारी चार वाजता अमुक शाळेत कोण जाणार हे ठरवतो असाइनर, म्हणजे कॉन्फरन्सने (एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांचा गट) किंवा लोकल रेफ्री असोसिएशनने नेमलेला एक माणूस, बऱ्याचदा स्वतः जुना रेफ्री. रेफ्री ॲपवर आपल्या न जमणाऱ्या तारखा ब्लॉक करतो, असाइनर मॅच टाकतो, फोनवर पिंग येतं, ॲक्सेप्ट करा नाहीतर डिक्लाइन करा. ऑटोमॅटिक असाइन करायची सोय असते, खरंय, पण ती ज्या रँकिंगवर चालते ते रँकिंग भरतो कोण? असाइनरच. त्यामुळे कॉम्प्युटर करतो म्हणजे असाइनरचं मत कॉम्प्युटर अमलात आणतो, एवढंच.

आणि उतरंड कशी आहे बघा. सगळ्यात खाली फ्रेशमनच्या (नववीच्या पोरांच्या) मॅचेस, मग जेव्ही, म्हणजे शाळेची दुसरी टीम, ज्या शाळा सुटल्या सुटल्या असतात, म्हणजे नोकरीवाल्याला अर्धी रजा टाकून जावं लागतं आणि पैसे कमी. मग संध्याकाळची वर्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम, शुक्रवार रात्रीचं अमेरिकन फुटबॉल, आणि सगळ्यात वर प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरचे बाद सामने. वर जायचं तर वर्सिटीत कोणीतरी तुमचं काम बघितलं पाहिजे, आणि बघायला आधी वर्सिटी मिळाली पाहिजे. फुटबॉलमधे तर पाच जणांचे क्रू वर्षानुवर्षं तेच असतात, एक जण गुडघे गेले म्हणून थांबला की क्रूचा प्रमुख आपल्या ओळखीतला आणतो, कारण शुक्रवारी रात्री दीड तास गाडीत शेजारी बसणारा माणूस आपल्याला आवडणारा असावा असं कुणालाही वाटणारच. बऱ्याच राज्यांत प्लेऑफला कोण जाणार यात कोचच्या रेटिंगचा भाग असतो, आणि कोच चांगले मार्क ओळखीच्या चेहऱ्याला देतो. काही ठिकाणी तर शाळा "हा रेफ्री आम्हाला नको" म्हणून नाव खोडू पण शकते, कारण द्यावं लागतंच असं नाही.

यात एकही माणूस वंशवादी असायची गरज नाही हो! असाइनर बिचारा रात्री अकरा वाजता रिकाम्या जागा भरत बसलेला असतो, त्याला दुसऱ्या दिवशी कोचचा चिडलेला फोन नको असतो, म्हणून तो खात्रीचा माणूस पाठवतो, आणि खात्रीचा म्हणजे ज्याला आधी पाठवलाय तो. असं वीस वर्षं चाललं की वर्सिटीची यादी वीस वर्षांपूर्वीसारखीच दिसते.

हे रेफ्री नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात, हे पण लक्षात घ्या. त्यामुळे एचआर नाही, अप्रेझल नाही, काढल्याचं पत्र नाही. काही सांगत नाहीत, फक्त फोन वाजायचा बंद होतो. मग तो रेफ्री विचारतो की मला खाली का ठेवलंय ते कागदावर दाखवा, तर तो कागदच नसतो. ज्या मेरिटची मोजपट्टी कुठे लिहिलेली नाही त्याला मेरिट म्हणायचं का ओळख म्हणायची हे तुम्हीच ठरवा.

"ब्लॅक लोक पुढेच येत नाहीत"

पुढे येत नाहीत हे म्हणण्याआधी दार कधी उघडलं ते बघायला हवं. दक्षिणेतल्या राज्यांत शाळा वेगळ्या होत्या तशा क्रीडा असोसिएशनही वेगळ्या होत्या. टेक्सासमधे ब्लॅक शाळांची प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग १९२० पासून १९७० पर्यंत चालली. लुईझियानात सेंट ऑगस्टिन हायस्कूलला गोऱ्या शाळांच्या असोसिएशनमधे शिरायला १९६७ मधे कोर्टात जावं लागलं. अलाबामात १९६८ मधे फेडरल कोर्टाने दोन्ही असोसिएशन एक करायला लावल्या. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या शाळेच्या दिवसांतली गोष्ट आहे ही, इतिहासपूर्व काळातली नाही. एकत्रीकरणात ब्लॅक शाळा जुन्या गोऱ्या व्यवस्थेत आल्या, उलटं झालं नाही. आणि रेफ्रीगिरी हे काम असं आहे की त्यात माणूस माणसाला आणतो, सिनियर ज्युनियरला हाताला धरून नेतो, मग पहिली फळी जिथून आली तिथूनच दुसरी आली यात नवल काय.

शिवाय रेफ्रींचा तुटवडा गेल्या काही वर्षांत सगळीकडेच जाणवलाय. हायस्कूल असोसिएशनच्या राष्ट्रीय फेडरेशनने २०२२ मधे सांगितलं होतं की २०१८-१९ नंतर सुमारे ५०,००० जणांनी काम सोडलं, आणि २०१७ मधे रेफ्रींच्या संघटनेने घेतलेल्या सर्व्हेत सरासरी वय ५३ निघालं. सोडण्याची कारणं विचारली की पालकांच्या शिव्या नेहमी वरच्या नंबरात. (आपले देसी पालक यात मागे आहेत असं समजू नका.) एवढा दुष्काळ असताना जे आलेत त्यांना फ्रेशमनच्या मॅचवर कुजवणं हा शुद्ध गाढवपणा आहे, न्याय-अन्याय बाजूला ठेवला तरी.

"नियम तो नियम"

हे मेसेजमधे बहुतेक न्यू जर्सीच्या कुस्तीच्या प्रकरणावरून आलंय. १९ डिसेंबर २०१८, ब्यूना रीजनल हायस्कूलचा सोळा वर्षांचा ब्लॅक कुस्तीगीर मॅटवर उतरला, गोऱ्या रेफ्रीने सांगितलं की तुझे ड्रेडलॉक्स (जटांसारख्या केसांच्या बटा) आणि त्यावरचं कव्हर नियमात बसत नाही, कापतोस का मॅच सोडतोस, दीड मिनिट आहे. भर जिममधे टीमच्या ट्रेनरने कात्री चालवली, पोरगा दगडी चेहऱ्याने उभा, मग ओव्हरटाइममधे जिंकला, आणि जिंकल्यावर रेफ्री त्याचा हात वर करतोय तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. तो व्हिडिओ जगभर गेला.

केसांचा नियम होता, मान्य. पण याच रेफ्रीने २०१६ मधे रेफ्रींच्या एका पार्टीत एका ब्लॅक सहकारी रेफ्रीला उद्देशून वंशवाचक शिवी वापरली होती. रेफ्रींच्या असोसिएशनच्या समितीने वर्षभराचं निलंबन ठरवलं, ते अपिलात रद्द झालं, आणि माणूस परत मॅटवर. त्यामुळे नियम काय होता हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न असा की हे सगळं माहीत असताना मॅचेस मिळत कशा राहिल्या. हा असाइनमेंटचाच प्रश्न आहे. पुढे सप्टेंबर २०१९ मधे राज्याच्या नागरी हक्क विभागाने क्रीडा असोसिएशनशी करार केला, त्या रेफ्रीचं दोन सीझन निलंबन झालं, बाकीच्यांना ट्रेनिंग सक्तीचं झालं, आणि घटनेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, १९ डिसेंबर २०१९ ला, न्यू जर्सीत केसांवरून भेदभावाला बंदी घालणारा क्राऊन ॲक्ट सही झाला. म्हणजे बदलायचं ठरवलं की नियम पण बदलतो.

"वंश बघून नेमणं हाच वंशवाद, आरक्षण आलं"

इथे मी अर्धा सहमत आहे. ब्लॅक टीमची मॅच आहे म्हणून गोऱ्या रेफ्रीला काढून ब्लॅक रेफ्री पाठवा, हे चूक आहे आणि बहुधा बेकायदेशीर पण. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१ कंत्राटात वंशभेद करू देत नाही आणि ते कंत्राटदारांनाही लागू आहे. ते गोऱ्यांनाही तेवढंच संरक्षण देतं हे सुप्रीम कोर्टाने १९७६ मधे सांगितलं, आणि तो निकाल लिहिला कोणी, तर थरगूड मार्शल यांनी, त्या कोर्टाचे पहिले ब्लॅक न्यायाधीश. राज्याच्या क्रीडा असोसिएशनलाही आम्ही खासगी क्लब आहोत म्हणून हात झटकता येत नाहीत, ब्रेंटवुड अकॅडमीच्या खटल्यात २००१ मधे ते पण ठरलंय.

आपल्याकडचे काही जण म्हणतील की क्रिकेटमधे न्यूट्रल अंपायर आणलेच की. आणले ना. १९८६ मधे लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडिज टेस्टला भारताचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले, पुढे २००२ पासून बरीच वर्षं टेस्टला दोन्ही अंपायर बाहेरचे होते. पण तिथे दोन देश खेळत होते, तिसऱ्या देशाचा माणूस मिळायचा. एकाच काउंटीतल्या दोन शाळांच्या मॅचला न्यूट्रल वंश कुठून आणणार? क्रिकेटमधून घ्यायचं तर एवढंच घ्या की नेमणुकीबद्दल प्रश्न विचारला म्हणजे अंपायरला चोर म्हटलं असं होत नाही.

आणि आरक्षण हा शब्द मेसेजमधे फक्त तडका म्हणून टाकलाय, चर्चा पेटावी म्हणून. बदल हवा म्हणणाऱ्यांची मागणी बघा ना काय आहे: कोणाला कुठल्या लेव्हलच्या किती मॅचेस दिल्या ते सीझन संपल्यावर जाहीर करा, वर्सिटीला जायचे निकष आधी लिहून ठेवा, रेटिंग देणारा आणि मॅच देणारा एकच माणूस नको, नाव खोडलं तर कारण लिहा. यात सीट कुठे आहे, टक्का कुठे आहे? वंश मोजायचा तो मॅच देताना नाही, वर्षाच्या शेवटी यादी तपासताना.

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियात ज्यांची पोरं शाळेत खेळतात त्यांनी फॉरवर्ड करण्यापेक्षा आपल्या शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला एक ईमेल टाकावी, आपल्या कॉन्फरन्सचा असाइनर कोण आहे, त्याला कोण नेमतं आणि प्लेऑफचे रेफ्री कशावर ठरतात. उत्तर आलं तर ग्रुपवर टाका, वाचायला आवडेल.