डायलिसिसच्या रुग्णाची झोप फक्त भीतीने उडत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला, दोन दिवसांनी तोच सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला. मजकूर थोडक्यात असा: किडनीच्या रुग्णाला झोप लागत नाही ती मनातल्या भीतीमुळे, रात्री जायफळ घालून ग्लासभर दूध द्या, नाहीच भागलं तर मेलाटोनिनची गोळी द्या, ते शरीरातच बनतं, त्यामुळे अपाय शून्य. बाबा चार वर्षं डायलिसिसवर आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

भीती असतेच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेल्या माणसाला काळजी का वाटणार नाही? पण सगळा दोष मनावर टाकला की रुग्णालाच अपराधी वाटतं आणि रक्ताच्या तपासण्या राहून जातात. बाबा रात्री दोनला उठून घरात येरझाऱ्या घालायचे. आम्ही म्हणायचो, विचार करू नका. खरं तर त्यांच्या पायांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं, चाललं की थांबायचं. या त्रासाला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि लोहाची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. शिवाय अस्थिमज्जेला रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं, म्हणून ते निकामी झालं की रक्तही कमी पडतं. १९९९ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात हे हार्मोन औषध म्हणून देऊन रक्त वाढवल्यावर डायलिसिसच्या रुग्णांचे झोपेतले पायांचे झटके कमी झाले. (म्हणून काही हिमोग्लोबिन वाटेल तितकं चढवायचं नसतं; या औषधाने १३च्या वर नेण्यात पक्षाघाताचा धोका आहे.)

दुधाचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला. ग्लासभर दुधात २०० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस असतो. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात मिळून साधारण ८०० ते १००० चालतो. मूत्रपिंड तो बाहेर टाकू शकत नाही, ‘ड’ जीवनसत्त्वही सक्रिय करू शकत नाही. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात आणि पीटीएच हे हार्मोन भरमसाट वाढतं. हाडं ठणकणं, अंगाला खाज, निद्रानाश या तक्रारींशी त्याचा संबंध दिसतो. ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर झोप सुधारलेले रुग्णही आहेत. ज्या हार्मोनमुळे झोप बिघडू शकते, त्यालाच हे दूध खतपाणी घालतं. वर या रुग्णांना पाणीही मोजूनच प्यावं लागतं, ते मोजमाप बिघडतं ते वेगळंच.

मेलाटोनिन शरीरात बनतं, हे बरोबर. किडनी निकामी झाल्यावर त्याची रात्रीची पातळी नीट चढत नाही, हेही खरं. पण नेदरलँड्समध्ये डायलिसिसच्या रुग्णांना रोज ३ मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा तीन महिन्यांपर्यंत थोडा फायदा दिसला आणि वर्षअखेरीस तो टिकला नाही. आणि शरीरात बनतं म्हणजे निर्धोक, हा तर्कच चुकीचा. पीटीएचसुद्धा शरीरातच बनतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो. झोप यावी, खाज थांबावी म्हणून घरात पडून असलेली ॲलर्जीची गोळी दिली जाते. सुस्ती आणणाऱ्या या गोळ्यांनी रेस्टलेस लेग्ज वाढू शकतं. आम्ही बाबांना ती कितीतरी रात्री दिली होती.