आई चालते, तोच तर प्रॉब्लेम आहे

सकाळी डबे भरता भरता फोन बघितला तर फॅमिली ग्रुपवर पीडीएफ. चक्क कव्हर पेजवाली पीडीएफ, आमचा सगळ्यांचा जुना फोटो आणि खाली ‘आईसोबत महाराष्ट्र दर्शन’. पाठवणारे आमचे भाऊजी, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. ख्रिसमसच्या सुट्टीत सगळे येतायत, छानच आहे, मुलं कधीची एकमेकांना भेटलेली नाहीयेत. पण प्लॅन ऐका. डोंबिवलीहून महाबळेश्वर, तिथून कोल्हापूर, अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, मग आंबा घाट उतरून गणपतीपुळे, मग परत. दर दोन रात्रींनी नवीन हॉटेल. आणि शेवटच्या पानावर लाल अक्षरात, ‘आईसाठी सगळीकडे व्हीलचेअर सांगून ठेवली आहे.’ त्याला लगेच धडाधड सगळ्यांचे बदाम.

अहो भाऊजी, आई चालते! ठणठणीत चालते. माझ्यापेक्षा भरभर जिना उतरते. आमचा प्रॉब्लेमच हा आहे की ती चालते, आणि कुठे चाललीय ते तिला माहीत नसतं.

(सासूबाईंना मी आईच म्हणते. अल्झायमर्स आहे. यादीतल्या नवीन लोकांसाठी सांगून ठेवलं.)

एवढी पानं लिहिली. ब्रेकफास्ट कुठल्या हॉटेलात इन्क्लुडेड आहे ते आहे, कोल्हापुरात मिसळ कुठे खायची ते आहे, महाबळेश्वरला सनसेट पॉइंटला किती वाजता पोचायचं ते आहे. रात्री दोन वाजता आईबरोबर कोण जागणार, ह्याला एक ओळ नाही. कारण ते ठरलेलंच आहे ना, लिहायची काय गरज.

आणि सनसेट पॉइंट म्हणे. दिवेलागण झाली की आईचं सगळं बिनसतं, हे ज्याने एक आठवडा तिच्यासोबत काढलाय त्याला विचारा. डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, खूप पेशंटना होतं. चार-साडेचारपर्यंत हसत असते, भाजी निवडते, जुन्या गोष्टी सांगते, आणि उन्हं उतरली की पदर खोचून उभी. ‘चला, निघते मी, आई वाट बघत असेल.’ तिची आई. ती जाऊन कैक वर्षं झाली. अशा वेळेला तिला गाडीत कोंबून गर्दीत, थंडीत, घोडेवाल्यांच्या आणि मक्याच्या कणसांच्या मधे उभं करायचं आणि म्हणायचं आई बघ किती सुंदर. बरं, सूर्य मावळल्यावर सगळ्या गाड्या एकदमच निघतात, ते ट्रॅफिक वेगळंच.

मागच्या दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो होतो. ते सगळ्यांना माहितीय, फोटो बघितलेत तुम्ही, आई समुद्रात पाय बुडवून उभी आहे तो. त्याला किती लाइक होते! फोटोच्या आधीचं आणि नंतरचं आज लिहितेच.

ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडली. आई खूश होती, वडे, कटलेट जे येईल ते हवं होतं. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरहून मोठा आहे तो. एसी डब्याच्या बंद काचा, बाहेर मिट्ट काळोख झाला की त्या काचेचा आरसा होतो. तर आईला काचेत एक म्हातारी दिसली, टक लावून बघणारी. ‘ए, ही कोण बाई? उठव हिला. माझी जागा आहे.’ मग आवाज चढला. समोरचे लोक हसले. वाईट मनाने नसतील हसले, पण हसले. मी ओढणी धरून काच झाकली आणि बोगदा संपेपर्यंत तशीच उभी राहिले. कोकण रेल्वेवर असे नव्वदच्या वर बोगदे आहेत. आपण पोरांना दाखवत बसतो, बघा किती भारी इंजिनिअरिंग. खरंच भारी आहे. पण आईसाठी प्रत्येक बोगद्यात ती बाई परत येऊन बसत होती.

चिपळूणला उतरून जीप. वळणांचा रस्ता, म्हणून नणंदबाईंनी प्रेमाने गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी आईला दिली. मला न विचारता. आता ही गोळी आपण सगळेच घेतो, कोणाच्याही पर्समधे असते. पण त्यातल्या बऱ्याचशा गोळ्या डिमेन्शियाच्या पेशंटना देऊ नयेत, गोंधळ वाढतो. डॉक्टरांनी नंतर समजावलं की आई अल्झायमर्ससाठी रोज डोनेपेझिल घेते, त्याने मेंदूतलं जे केमिकल टिकवून ठेवायचा प्रयत्न चाललाय, त्याचंच काम ही दुसरी गोळी अडवते. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. नणंदबाईंना हे माहीत असायला हवं होतं का? नाही, मान्य. पण विचारायला हवं होतं का? हो.

संध्याकाळी होमस्टेवर पोचलो तोपर्यंत आईला आपण कुठे आहोत त्याचा काहीच पत्ता नव्हता. तिला वाटलं लग्नघर आहे. सगळ्यांच्या बॅगा उघडून कपडे घड्या करायला लागली आणि मला विचारलं, वऱ्हाड कधी येणार? खोलीतल्या मोठ्या आरशात परत ती गाडीतली बाई. ते माझ्या लेकीच्या लक्षात आलं आणि काही न बोलता ती आरशावर टॉवेल टाकून आली. बारावीतली पोरगी. तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती घरात राहते एवढंच.

आता रात्र. आमच्या घरी आईच्या पलंगाच्या डाव्या हाताला बाथरूम आहे. झोपेत, अंधारात, पायाला सवय आहे, उठलं की डावीकडे. त्या खोलीत डावीकडे होता व्हरांड्याचा दरवाजा. आईने कडी काढली आणि गेली. त्या खोलीत आम्ही तिघी होतो, आई, मी आणि नणंदबाई. नणंदबाई घोरत होत्या. पुरुषमंडळी वरच्या खोलीत, पत्ते खेळून झोपलेली, कारण ‘अरे सुट्टीवर आलोय’. मला जाग आली ती कुत्र्यांच्या भुंकण्याने. पलंग रिकामा.

ज्यांनी गुहागर बघितलंय त्यांना कळेल. पुढे रस्ता, मधे घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की थेट समुद्र. मी अंगणात उभी होते आणि मला कळत नव्हतं आधी कुठे धावू, रस्त्याकडे की समुद्राकडे. हे वाक्य मी आजपर्यंत घरात कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तर भाऊजी, हा आहे तुमच्या पीडीएफमधला राहिलेला भाग. हॉटेल बुक करायच्या आधी रात्री बुक करा. सोमवार कोण, मंगळवार कोण. नाव लिहा समोर. जागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी उठवायचं नाही, त्याचा पन्हाळा गेला तर गेला. आणि त्या यादीत माझं नाव सगळ्यांच्या इतकंच, जास्त नाही. माझीपण रजाच असते ती, ऑफिसात साहेबाला गयावया करून मिळालेली.

‘केअरटेकर ताईंना सोबत घेऊ’ असं एकाने सुचवलंय. ब्युरोच्या ताई बारा तासांच्या ड्युटीवर येतात, त्यांनाही घर आहे, पोरं आहेत. यायला तयार झाल्या तरी त्यांचं जेवण, वेगळी झोपायची जागा, जादा पैसे, हे कोणत्या पानावर आहे? की त्यांनी आईच्या पलंगाशेजारी फरशीवर पथारी टाकायची आणि चोवीस तास हजर राहायचं?

बरं, भाऊजी पैसे पाठवतात, वेळेवर पाठवतात, आईच्या औषधांची कधी अडचण पडू दिली नाही. हे लिहिलं नाही तर उद्या फोन येईल म्हणून नाही, खरं आहे म्हणून लिहिते. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. गेल्या काही रविवारपासून आई त्यांना ‘अण्णा’ म्हणते, अण्णा म्हणजे तिचा भाऊ. ते दुरुस्त करत नाहीत. ‘बोल गं’ म्हणतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. त्यांना घाई का झालीय ते मला कळतं हो. पुढच्या वर्षी अण्णासुद्धा राहणार नाही कदाचित, म्हणून ह्याच वर्षी सगळं दाखवायचंय, सगळीकडे फोटो काढायचेत. एवढ्या लांब बसून दुसरं काय सुचणार माणसाला.

पण म्हणून आईला तीन हॉटेलांतून फिरवायचं?

दुसरीकडे जाऊबाई. त्या कॉलवर म्हणाल्या, ‘मला वाटतं आईंना नाही न्यायला पाहिजे, त्यांना कुठे काय आठवणारे.’ ह्यावर तर मी जागची हललेच नाही दोन मिनिटं. तुमचा मुलगा सव्वा वर्षाचा असताना त्याला डिस्नेवर्ल्डला नेलंत ना? त्याला आठवतंय? कोणी विचारलं होतं तेव्हा, की ह्याला आठवणार नाही तर तिकिटाचे पैसे कशाला घालवता? लहान मुलाने आइस्क्रीम खाल्लं, हसलं, की आपले पैसे वसूल. म्हातारीने मात्र आठवण ठेवून दाखवायची, तर तिला सीट.

तिला न नेणं कधीकधी बरोबर असतं, हेही आहे. चांगल्या ठिकाणी आठवडाभर ठेवून जाणारे लोक आहेत, सपोर्ट ग्रुपमधे भेटतात, दमून गेलेले असतात बिचारे, त्यांना कोणी पापी म्हणू नये. उद्या माझ्यावरही ती वेळ येईल. पण ते आपण दमलोय म्हणून करा आणि तसं म्हणा. तिला आठवणार नाही हे कारण नका देऊ.

गुहागरचं पुढचं राहिलं. आई सापडली ती मालकांच्या मागच्या पडवीत. त्यांची एक म्हातारी आत्या आहे, तिला पहाटे चारलाच जाग येते. तिने आईला बघितलं, वाडीतून अनवाणी येणारी, केस सुटलेले. एक प्रश्न विचारला नाही. कुठल्या तुम्ही, कोणाबरोबर आलात, काही नाही. पाट दिला, आणि समोर मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं ठेवलं. आईने विचारलं, ‘जेवायला किती माणसं?’ आत्या म्हणाली, ‘बरीच आहेत, हात चालवा.’ मी धापा टाकत पोचले तेव्हा दोघी डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून दाबायचं की वाल सालातून सटकन बाहेर, आईचा वेग आत्यापेक्षा जास्त होता. नातवाचं नाव आठवत नाही, सकाळी जेवली का आठवत नाही, पण हाताचं काम हात विसरत नाहीत, खूप उशिरापर्यंत नाही विसरत.

त्यानंतर परत निघेपर्यंत आम्ही कुठेही गेलो नाही. व्याडेश्वराच्या देवळातच काय ते एकदा पायी जाऊन आलो, तेही सकाळी. बाकी रोज आई नाश्ता झाला की मागच्या पडवीत. कधी वाल, कधी खोबरं, कधी नुसतं तांदूळ निवडायचे. नणंदबाई कुरकुरल्या, ‘अगं इथे येऊन कामाला लावलंस आईला, लोक काय म्हणतील, आणि वेळणेश्वर राहिलं, हेदवी राहिलं.’ राहू दे की! आई दुपारी दोन घास जास्त जेवत होती. झोपत होती. संध्याकाळी घरी जायचं म्हणाली तर आत्या म्हणायची, ‘उद्याचे वाल भिजत घातलेत, ते कोण सोलणार?’ आणि ती थांबायची. आम्ही एवढे शिकलेले लोक, आम्ही तिला रोज सांगतो, आई तुमची आई नाहीये आता, आई हेच तुमचं घर आहे. आणि ती चिडते. मग रडते.

म्हणून माझा प्लॅन असा आहे आणि तो मी ग्रुपवरही टाकलाय, अजून एकही बदाम आलेला नाही. एकच जागा. एकच खोली, तीच शेवटपर्यंत. आईची घरची चादर, घरची उशी, तिचा स्टीलचा पेला. प्रवास सकाळी लवकर आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम. रात्रभर बाथरूमचा दिवा चालू. परकरच्या नाडीजवळ कापडी पट्टी शिवून त्यावर फोन नंबर, आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमधे. वाटेत बाईमाणसाने तिच्याबरोबर बाथरूमला जायचं, कारण ती आतून कडी लावते आणि मग कडी कशी काढायची ते तिला सुचत नाही. एकदा हे नवऱ्याने एकट्याने निभावलंय, लेडीज टॉयलेटच्या दाराबाहेर उभा राहून ‘आई, वरची कडी, वरची’ असं ओरडत. आतल्या बायका काय समजल्या असतील देवाला माहीत. ज्यांना महाबळेश्वर करायचंय त्यांनी खुशाल जावं, स्ट्रॉबेरी आणावी. पण आळीपाळीने जा. कोणीतरी दोघं रोज आईजवळ, आणि ते दोघं रोज वेगळे.

भाऊजी हे वाचतील. वाचू देत. ग्रुपवर लिहिलं की तीन मिनिटांत कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय वर सरकून जातो.

आणि हो, कमेंटमधे ब्राह्मी, अक्रोड, शब्दकोडी सुचवू नका, सगळं झालंय. त्यापेक्षा एक काम करा. गुहागर, दापोली, मुरुड-हर्णै ह्या पट्ट्यात कोणाच्या ओळखीचा घरगुती होमस्टे असेल तर इनबॉक्समधे सांगा. तळमजल्याची खोली हवी, बाहेर जायचा दरवाजा एकच, आणि त्याला वरच्या बाजूला कडी. बाथरूमला आतून कडी नसली तरी चालेल, नसलेलीच बरी. आणि पलंगाच्या डाव्या हाताला बाथरूम असेल तर भाडं कितीही असो, आधी मला फोन करा. डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस हवेत, गर्दी असते माहितीय, पण बघा.