डान्स फ्लोअर विकणे आहे

तुमच्या मालकीचा एखादा डान्स क्लब आहे, गावाचा त्यावर जीव आहे, आणि आता त्याला 'नवी ओळख' द्यायचं तुमच्या मनात घोळतंय? मग अभिनंदन. 'बंद करतोय' म्हणायच्या जागी 'नवी ओळख' म्हणायला शिकलात, म्हणजे अर्धा गड सर झालाच.

उरलेल्या अर्ध्यासाठी मँचेस्टरच्या हॅसिएंडाकडे बघा. सुतावर मोठं झालेलं ते शहर; इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ते त्यामुळेच. तिथे 21 मे 1982 ला, यॉट विकायच्या एका जुन्या शोरूममध्ये, फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी आणि न्यू ऑर्डर हा बँड यांनी मिळून क्लब उघडला.

सुरुवात तोट्याने करा. नफ्यातल्या क्लबसाठी कोणी डोळ्यांत पाणी आणत नाही. हॅसिएंडाने यात कधी कसूर केली नाही. उद्घाटनाला बर्नार्ड मॅनिंग हा विनोदवीर बोलावला. लोक हसले नाहीत, आणि गड्याने मानधनच परत केलं. पुढे अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या दिवसांत मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी व्हायला लागली, तेव्हा तर कहरच झाला. एक्स्टसी या नशेच्या गोळ्या घेऊन रात्रभर नाचणारी पोरं बारवर दारू मागेनात, पाणी मागायला लागली. फ्लोअर घामाने ओला, गल्ला कोरडा ठणठणीत. गोळ्यांचे पैसे जायचे ते टोळ्यांच्या खिशात, आणि या टोळ्या दारावर पिस्तुलं घेऊन येत. 1991 मध्ये काही महिने कुलूपच लावावं लागलं. बँडने रेकॉर्ड विकून कमवायचं आणि क्लबने गिळायचं, हा शिरस्ता मात्र चालू राहिला. 1992 मध्ये रेकॉर्ड कंपनीचं दिवाळं वाजलं, क्लब 1997 पर्यंत तगला. एवढं जमलं की तुमचा क्लब 'दंतकथा' झाला असं समजा.

आता खांबांकडे वळा. डिझायनर बेन केली यांच्या वाट्याला ऐन डान्स फ्लोअरवर लोखंडी खांब आले होते. नाचताना कोणी आपटू नये म्हणून ते कारखान्यातल्या धोक्याच्या खुणेसारखे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवले. हे पट्टे जिवापाड जपा. इमारत गेली तरी चालेल, पट्टे मगवर येतात. मी हॅसिएंडात कधी पाऊल टाकलेलं नाही, पण पट्ट्यांचा मग माझ्याकडे आहे. हे लिहिताना चहा त्यातच आहे. घासून घासून कानाजवळचा काळा पट्टा उडालाय.

इमारत पाडायच्या आधी ती सुटी सुटी विका. हॅसिएंडाच्या सामानाचा 2000 मध्ये लिलाव झाला, त्यात नाचून झिजलेल्या फ्लोअरचे तुकडेही हातोहात गेले. बँडचा बास वाजवणारा पीटर हूक याने त्या लाकडातून बास गिटार करून घेतल्या. भंगारवाल्याला फळ्या देऊन मोकळे होणाऱ्यांनी यावरून धडा घ्यावा.

2002 मध्ये इमारत पाडली, फ्लॅट बांधले. नाव काय ठेवलं? हॅसिएंडा अपार्टमेंट्स. परळकरांना यात नवल वाटायचं नाही. फिनिक्सची गिरणी गेली, नाव मॉलवर राहिलंच की. जे पाडलं त्याचंच नाव पाटीवर घातलं, की विकत घेणाऱ्याला आपण ते वाचवलं असंच वाटतं.

जुने नाचणारे तुमच्यावर रागावतील. रागावू द्या. क्लब चालू होता तेव्हा पाण्यावर रात्र काढणारे हेच लोक, पन्नाशीत गेल्यावर तीच गाणी ऑर्केस्ट्राकडून ऐकायला भारी तिकीट काढतात.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र विसरू नका. हॅसिएंडाला 30 वर्षं झाली तेव्हा, 2012 मध्ये, वाढदिवसाची पार्टी झाली ती त्याच जागेवर, म्हणजे फ्लॅटखालच्या पार्किंगमध्ये. तेव्हा सोसायटीचे नियम छापायला टाकाल त्याआधी एक कलम घाला: दर दहा वर्षांनी एका रात्रीसाठी सभासदांनी आपापल्या गाड्या बाहेर काढाव्यात.