रात्री खुराड्यात सोडलेली पिले सकाळी ‘आपली’ होत नाहीत

परसात अंड्यांसाठी आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश सध्या फार फिरतो आहे. नवी पिले आणली की रात्री अंधारात मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात सोडावीत, सकाळी कोंबड्यांना ती आपलीच वाटतात. खाद्य सर्वांना एकच चालते. आणि गावठी पिलांना लसीची गरज नसते, असे त्यात म्हटले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्यांपायी पिले जीव गमावतात, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानाचे मूळ मात्र खोटे नाही. कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला लागून, दोन-अडीच आठवडे अंड्यांवर बसलेली असताना एक-दोन दिवसांची पिले रात्री हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, तर बहुतेक वेळा ती त्यांना पंखाखाली घेते. आपल्या घरांतील जुन्या बायका हे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. त्यामागे त्या कोंबडीच्या शरीरात झालेला बदल असतो, अंधार केवळ मदतीला असतो. अंडी देत असलेल्या, खुडूक न झालेल्या कोंबडीत तो बदल झालेला नसतो. संदेशातून ‘खुडूक’ हा एकच शब्द गळाला आणि सल्ल्याचा अर्थ उलटा झाला.

कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे रात्री भांडण होत नाही हे खरे. पण उजाडताच ती खुराड्यातील प्रत्येकीला ओळखते. कळपात कोणी कोणाला टोचायचे याची पक्की उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. मीही एकदा या सल्ल्यावर विसंबून पाच आठवड्यांची तीन पिले रात्री आत सोडली होती. सकाळी दार उघडले तेव्हा एक पिलू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड खुपसून उभे होते, त्याच्या डोक्यामागची पिसे उपटलेली होती आणि उघड्या कातडीवर रक्त सुकले होते. रक्ताचा लाल ठिपका दिसला की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचत राहतात, म्हणून अशा पिलाला तत्काळ वेगळे काढावे लागते. याहून लहान पिलांना तर पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, ती पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करायची असते. आईविना पिलाला ती मोठ्यांच्या खुराड्यात मिळत नाही.

खाद्याचे विधान अधिक घातक आहे, कारण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. अंड्याच्या कवचासाठी लेअर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेले असते, तर वाढत्या पिलाला सुमारे एक टक्का पुरते. हे जादा कॅल्शियम आठवडेच्या आठवडे पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. उलट दिशेने मात्र सोय होते: एकत्र केल्यावर सर्वांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पक्ष्यांचे खाद्य) द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, अंडी देणाऱ्या कोंबड्या आपल्या गरजेपुरता तो खातात.

राहिली लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, गावठी-संकरित पाहत नाही. एकदा शिरली की खुराडेच्या खुराडे रिकामे करते. मरेक या लकवा आणणाऱ्या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिली जाते, ती दिली आहे का हे पिले घेताना विचारावे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि त्यानंतर आर-टू-बी ही मानमोडीचीच पुढची लस, हा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस घेणे परवडते. वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्के करून घ्यावे. या लसी देऊनही रक्ती हगवण टळत नाही, हेही लक्षात ठेवावे: धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या कोंबडीच्या विष्ठेतूनही ती पिलांना लागते आणि पावसाळ्यात ओल्या तुसात झपाट्याने पसरते.

मग पिले मिसळायची कधी? तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, अंगाने मोठ्या कोंबड्यांच्या जवळपास आल्यावर, म्हणजे बारा ते सोळा आठवड्यांच्या झाल्यावर. त्याआधी दोन-तीन आठवडे मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकींसमोर वावरू द्यावे, नंतर दिवसा मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे, दाणापाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत, आणि एकटी तलंग कधीही घालू नये. इतके झाल्यावर संध्याकाळी त्या खुराड्याच्या दाराशी घुटमळतात. तेव्हा अंधार पडल्यावर एकेक उचलून दांडीवर ठेवावी आणि पहाटे दार उघडायला स्वतः हजर राहावे.