बारमाही श्रावण, पोस्टाने

गेल्या वर्षी माझं वजन ९१ किलो भरलं. मी काट्यावरून खाली उतरायच्या आत बायकोने मला एका ऑनलाइन आहारतज्ज्ञ मॅडमच्या स्वाधीन केलं. मॅडम ठाण्यात, मी पुण्यात. समोरासमोर भेट आजतागायत नाही, सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर. नियम एकच: पहिला घास घ्यायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा.

ताटाचा फोटो काढायलाही हात बसावा लागतो. दोन भाकऱ्या नीट एकावर एक ठेवल्या तर वरून एकच दिसते. तूप फोटोनंतर वाढून घ्यायचं. एवढं पहिल्याच आठवड्यात जमलं, पण पाडव्याला मी माती खाल्ली.

"सर, मिठाच्या शेजारी ते पिवळं काय आहे?"

"कोशिंबीर."

"कशातली?"

"दह्यातली," मी लिहिलं. यात खोटं काही नव्हतं. श्रीखंड दह्याचंच असतं.

लांबून डॉक्टरला असं गुंडाळणं हा आपलाच शोध, अशा समजुतीत मी होतो. मग मला डॉ. जॉर्ज चेनी सापडला.

चेनी मूळचा स्कॉटलंडचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडनला आला आणि ओळखी वाढाव्यात म्हणून तिथल्या गुत्त्या-खानावळींत बसू लागला. ओळखी वाढल्या, पोट त्याहून वेगाने वाढलं. आपलं वजन ३२ स्टोनच्या वर गेलं होतं, हे त्याने १७३३ सालच्या 'द इंग्लिश मॅलडी' या पुस्तकात स्वतःच छापून ठेवलंय. स्टोनचे किलो केले तर २०३ होतात. मी दोनदा करून पाहिले. तो चालायला निघाला की मागून नोकर स्टूल घेऊन यायचा, चार पावलांवर टेकायला, असं सांगतात. पुढे त्याने मांस सोडलं आणि दूध, पाव, कंदमुळं, फळं यांवर राहू लागला. उतरला. बरं वाटायला लागल्यावर पुन्हा मटणाकडे आणि वाइनकडे वळला. चढला. पुन्हा दूध. हे वाचताना मला त्याच्याविषयी जी आपुलकी वाटली, ती मॅडमविषयी कधी वाटली नाही. मॅडमचा डीपी फार सडपातळ आहे.

बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी चेनीचा जम बसला. पैसेवाले पेशंट तिथे जाऊन राहायचे, बाकीचे पत्र लिहायचे. त्या काळात डॉक्टर पोट दाबून बिबून फारसं बघतच नसत. पेशंट काय सांगतो यावर सगळी भिस्त, त्यामुळे पत्राने काही अडत नव्हतं. गंमत पुढे आहे. १८४० साली तिकिटं येईपर्यंत इंग्लंडात टपालाचे पैसे साधारणपणे पत्र घेणाऱ्याने मोजायचे. म्हणजे दारात पोस्टमन येणार, तुम्ही खिशात हात घालणार, पैसे देऊन पत्र फोडणार आणि आत काय, तर 'कमी खा'. हे आमच्या घरी फुकट मिळतं.

चेनीचा एक पेशंट लंडनचा छापखानावाला होता, सॅम्युअल रिचर्डसन. फ्लीट स्ट्रीटलगत छापखाना, बुटका, गुबगुबीत, दिवसभर बैठं काम, वर चक्कर आणि हातापायांची थरथर. हाच चेनीची पुस्तकंही छापायचा. त्यामुळे १७३३ ते १७४३ या दहा वर्षांच्या पत्रांत जुलाब आणि प्रुफं, उलटीचं औषध आणि पुस्तकविक्रेत्यांच्या नावाने बोटं मोडणं, असं सगळं एकाच भांड्यात शिजतं. कशावरून तो जास्त चिडलाय, पेशंटच्या जिभेवरून की आपल्या न खपलेल्या प्रतींवरून, हे कधीकधी कळत नाही.

औषधाचा गाभा मात्र पक्का: मांस कमी करत न्या, दारू मोजून घ्या, दूध आणि भाजीपाल्यावर या. आपल्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे याला श्रावण म्हणतात. पण आपला श्रावण एक महिन्याचा. त्याच्या आधी गटारी असते आणि तो कधी संपणार हे कालनिर्णयमध्ये छापलेलं असतं. बीफवर पोसलेल्या लंडनात या माणसाने बारमाही श्रावण पोस्टाने पाठवायला काढला! लोक हसले असणारच. तरीही दरबारातल्या माणसांपासून धर्मोपदेशकांपर्यंत पुष्कळांनी त्याचं ऐकलं. पुढे मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीने तर विद्यार्थिदशेतच त्याचं पुस्तक वाचून खाणं आवरलं होतं.

रिचर्डसनने १७४० च्या नोव्हेंबरात 'पामेला' ही कादंबरी काढली. तीही पत्रांतून सांगितलेली. ती तुफान खपली. त्याने दुसरा भाग लिहायला घेतल्यावर डॉक्टरांनी त्यातही नाडी बघितली: नवराबायकोचे लाड, गोंजारणं, गोड बोलणं कमी करा, सुशील स्त्रीला शोभत नाही. म्हणजे लेखकाचं मटण बंद केलंच होतं, आता नायिकेलाही पथ्य! मॅडमनी अजून माझ्या लेखनात कॅलरी शोधलेल्या नाहीत, तेवढं सुख आहे.

पण मी खरा गार झालो तो 'चेंबर-हॉर्स'वर. हा घरातला घोडा. खुर्चीसारखा सांगाडा, बसायला चामड्याची उंच गादी, गादीच्या आत फळ्यांचे थर आणि मधे तारेच्या स्प्रिंगा. हातांना धरायला दांडे. वर बसायचं आणि खालीवर, खालीवर उड्या मारत राहायचं. चेनीने रिचर्डसनला याची भरभरून शिफारस केली: दुडक्या चालीच्या घोड्याचे सगळे फायदे यात मिळतात, फक्त मोकळी हवा तेवढी नाही. वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आला तो गुबगुबीत छापखानावाला, प्रुफं हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून टणाटण उडणारा. बायकोला हे वाचून दाखवलं.

"अहो, मग आपला जुना सोफा आहे की. त्याच्या स्प्रिंगा वरच आल्यात."

एका गोष्टीचं मला वाईट वाटतं. चेनीची पत्रं राहिली, कारण रिचर्डसनने त्यांच्या नकला सांभाळल्या. रिचर्डसनने त्याला जे लिहिलं ते जवळजवळ सगळं गेलं. त्यामुळे फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं होतं. डॉक्टर रागावतो, समजावतो, पुन्हा रागावतो. पलीकडचा माणूस काय कबूल करत होता आणि काय दह्यातलं म्हणून खपवत होता, कोण सांगणार? चेनी १७४३ च्या एप्रिलमध्ये गेला. रिचर्डसन पुढे अठरा वर्षं जगला आणि त्याने 'पामेला'हून कितीतरी जाडजूड कादंबरी लिहिली. म्हणजे त्याने ऐकलं असावं. किंवा नसावं.

मीही हल्ली माझ्या बाजूचे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करतो. तीनशे वर्षांनी कुणाच्या हाती काही लागलं, तर एवढंच लागेल: "सर, ते पिवळं काय आहे?"

घोड्याचं मात्र डोक्यातून जाईना. सोफ्यावर तीन उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरून माणूस आला. मग एका रविवारी सकाळी स्वारगेटला गेलो आणि भोरची एसटी पकडली. शेवटच्या बाकावर, बरोबर मधे बसलो. चेनीच्या घोड्यात जी त्रुटी होती तीही इथे भरून निघाली, कारण माझ्या शेजारच्या खिडकीची काच बंदच होत नव्हती.

"आज वॉक झाला का सर?"

"स्वारगेट ते भोर. शेवटची सीट."

मॅडमनी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं.

भोरला उतरलो तेव्हा कडकडून भूक लागली होती. समोरच्या हॉटेलात मिसळ सांगितली. तर्री वेगळी, पाव तीन. मोबाइल खिशातच राहू दिला.